पंधरावा संदर्भ

पडद्यावर चौदा हा आकडा आला आणि मला आनंद झाला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात मी आहे त्यापेक्षा भली दिसण्याची शक्यता आहे. आनंद मोठा नव्हता. ठणकणारी दाढ एकाएकी थांबली की जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते, तसा होता. मी पडदा बंद केला, चहा प्याले, पडदा उघडला. चौदाच. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल आहे, खिडकीबाहेर फणसाचं झाड. त्यावर कंपालातले ते टकले करकोचे नेहमीसारखे खांदे पाडून बसले होते. अगदी आमच्या बढती समितीचे सदस्य. त्या समितीचे सचिव मि. ब्यारुहांगा सकाळीच येऊन गेले होते. देशाच्या पश्चिमेकडच्या, गुराख्यांच्या मुलखातला माणूस, इतकं हळू बोलतो की जणू जवळपास गाय बांधलेली आहे आणि ती बुजू नये. "नाकातो न्याबो," बाईसाहेब म्हणावं अशा अदबीनं ते म्हणाले, "डॉक्टर लिओकाडिया किझांचं मापन बुधवारपर्यंत लागेल. निबंध किती, कुणी किती वेळा त्यांचा संदर्भ दिला, कुणाकुणाबरोबर लिहिलं, त्याचा नकाशा. गुरुवारी समिती बसते. प्राध्यापकपदाला निर्देशांक पंधरा हवा. असेलच म्हणा त्यांचा." ते 'असेलच म्हणा' माशीसारखं माझ्या कानाशी घोंघावत राहिलं. माझ्याबद्दल आजवर कुणी 'असेलच म्हणा' म्हटलेलं नाही. माझ्याबद्दल विचारतात, "जमेल का हो त्यांना?"

निर्देशांक पंधरा म्हणजे काय, तर पंधरा निबंध असे हवेत की प्रत्येकाचा संदर्भ इतरांनी निदान पंधरा वेळा दिलेला असावा. एखादा निबंध चारशे वेळा आला तरी इथे तो एकच. लिओकाडियाचे चौदा निबंध दणकट होते. पंधराव्याला संदर्भ चौदा. एक कमी. आणि या वेळी हुकलं तर निवृत्तीआधी तिची पाळी पुन्हा येणार नव्हती, हे मला तारखेसकट माहीत होतं. तिच्या सगळ्या तारखा मला माहीत असतात. आपण ज्याच्यावर जळतो त्याच्याइतका अभ्यास आपण दुसऱ्या कशाचाच करत नाही. मापनाचं हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. माझं शिक्षण शाळेत संपलं. नंतर मसाकाच्या बाजूला खेड्यांत समाजकार्याच्या संस्थेसाठी घरं हिंडले, पाय थकल्यावर इथे ग्रंथालयात आले, आणि कुणीतरी टाकून दिलेल्या एका जाड माहितीपुस्तकातून, रोज दोन पानं, हे मोजणं शिकले. आज विद्यापीठात कुणाचं किती वजन हे माझ्या टेबलावर ठरतं. स्वतःचं नाव मी त्या यंत्रात एकदाच घालून पाहिलं होतं. शून्य. शून्य दाखवतानाही यंत्र क्षणभर थांबलं होतं, जणू त्यालाच वाईट वाटलं. आमच्यात जुळ्या मुलींतल्या मागून येणारीला नाकातो म्हणतात. मी जन्माला आले तीच दुसरी. जुळ्यांच्या पाठीवर जे मूल येतं ते किझा. लिओकाडिया कुणा दुसऱ्याच जुळ्यांच्या पाठीवरची, पण मला राहून राहून वाटायचं की रीतीप्रमाणे तिने माझ्या मागून यायला हवं होतं.

दुपारी सहलेखकांचा नकाशा काढला. यंत्र ठिपके मांडतं. ज्याने जितकं लिहिलं तितका ठिपका मोठा, आणि एकत्र लिहिलं असेल तिथे रेघ. मधोमध लिओकाडिया, ताटलीएवढी. तिच्यापासून रेघा निघाल्या त्या नैरोबीला, केपटाऊनला, नॉर्वेतल्या दोन बायकांना, बेल्जियममधल्या एका म्हाताऱ्याला. त्याने तिच्याबरोबर सहा निबंध लिहिलेत आणि तो आमच्याकडे आला तेव्हा उन्हाने त्याचं नाक सोललं होतं. मीच त्याला शेळीचं लोणी आणून दिलं होतं. त्याचा ठिपका लिंबाएवढा. मी नकाशा मोठा करून पाहिला, कडा तपासल्या, रंग बदलून पाहिले. मी कुठेच नव्हते. असणार तरी कशी? पण आरशात डोकावून तिथे फक्त मागची भिंत दिसावी तसं झालं. आणि या नकाशामागचं खेड्यातलं एकेक घर मीच तिला दाखवलं होतं.

आम्ही दोघी भेटलो त्याला सत्तावीस वर्षं झाली. नोव्हेंबर होता, नाकतोड्यांचा हंगाम. मसाकाला सरकारी प्रशिक्षण चाललं होतं आणि कुणीतरी तळलेल्या कुरकुरीत नाकतोड्यांची परात फिरवली. सगळे मूठमूठ घेत होते. मी परात पुढे सरकवली, माझ्या शेजारच्या पोरीनेही न घेता पुढे सरकवली. चष्मा, शहरी बूट, कोरी वही. "तुम्हीपण?" ती म्हणाली. "मीपण," मी म्हटलं. आम्ही नाकतोडा कुळाच्या. आपल्याच कुळाला कोण खातं? मग आजोबा-पणजोबा मोजत गेलो तेव्हा निघालं की वयाने मी तीनच वर्षांनी मोठी, पण पिढीने तिच्या बापाच्या बरोबरीची. म्हणजे तिची सेंगा, आत्या. तिने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, शहरी बुटांसकट गुडघे टेकून मला नमस्कार केला. माझ्यापुढे तोवर कुणी तसं टेकलं नव्हतं. मी जरा जास्तच वेळ तिला टेकलेली ठेवली, हेही आठवतं. पुढे दोन वर्षं मी तिला घरोघर नेलं. त्या काळी आमच्या भागात मधली पिढी आजारानं पुसली गेली होती. उरल्या होत्या म्हाताऱ्या जाजा आणि त्यांच्या पायांशी नातवंडं, पाच-पाच, सहा-सहा. अनोळखी बाईला त्या काय सांगणार? कुणीतरी दारात उभं राहून "ही आपली आहे" म्हणावं लागतं. ते मी म्हणायचे. चुलींची फेरी मी तिला दाखवली: सोमवारी पोरं या जाजाच्या चुलीवर, मंगळवारी पलीकडच्या. तिने ते लिहिलं. त्या पहिल्या निबंधाला आज चारशे बारा संदर्भ आहेत.

आणि त्या निबंधाच्या पहिल्या पानावर माझं नाव होतं. हो. टंकलिखित, तिच्या नावाशेजारी. ती कागद घेऊन माझ्या खोलीवर आली होती, मी भुईमूग निवडत होते. "सेंगा, हे बघा, इथे तुम्ही." मी हात पुसले, नाव वाचलं, आणि मला काय वाटलं ते मला आजही नीट पकडता येत नाही. भीती म्हणावी तर भीती, लाज म्हणावी तर लाज; आणि वर एक मोठेपणाचा तवंग. मी म्हटलं, "मला कशाला? रश्शात घालू का हे नाव?" "घरं तुम्ही दाखवलीत." "म्हणून काय झालं? मागणीच्या दिवशी सेंगा नवरीला हाताला धरून पाहुण्यांसमोर आणते, ही आमची म्हणून सांगते, आणि मागे सरते. नवरीच्या शेजारी चटईवर बसते का कधी? खोड ते." तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं, असं मी पंचवीस वर्षं म्हणत आले आहे. तिने खोडलं. मला वाटलं, काय शोभून दिसले मी! त्या शोभेला आता चारशे बाराने गुणावं लागतं.

मंगळवारी ती आली. पुस्तकांच्या दोन कपाटांमधल्या बोळात, झाडणारी बाई बघत असताना, डॉ. लिओकाडिया किझांनी गुडघे टेकले.

"सेंगा, दिवस कसा चाललाय?"

"चाललाय. तुझा?"

"बरा आहे."

"म्म्."

"म्म्. घरचे?"

"आहेत आपापल्या जागी. ऊठ आता, फरशी गार आहे. गुडघे चौपन्न वर्षांचे झाले तुझे."

"तुमच्या कमरेपेक्षा लहान आहेत," ती हसत कपाटाला धरून उठली. केळीच्या पानात बांधलेलं, कच्च्या केळ्यांचं वाफवलेलं मतोके आणि डब्यात शेंगदाण्याचा रस्सा आणला होता. "मीठ कमी घातलंय. रक्तदाब आहे ना तुम्हाला."

"माझं रक्त मी मोजून घेईन."

"मोजणाऱ्या तुम्हीच आहात," ती म्हणाली. तिने चष्मा काढून गोमेसीच्या, त्या घोळदार झग्याच्या, पट्ट्याला पुसला. मग म्हणाली, "मि. ब्यारुहांगा आले होते का?"

"आले होते."

"बरं." एवढंच. डब्याचं झाकण घट्ट आहे, जपून उघडा, असं सांगून ती गेली. मला तिचा संताप आला. विचारायला काय जात होतं? सेंगा, किती आलं, काही करता येईल का, एवढं म्हणायला जड का व्हावं? तिने विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. आणि नाही म्हणायची संधी माझ्या वाट्याला आयुष्यात अशी कितीदा आली आहे? रस्सा चांगला झाला होता. तोही माझ्यापेक्षा चांगला करते ती.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, जी मी सोमवारपासून स्वतःशीही बोलले नव्हते. तो पंधरावा संदर्भ अस्तित्वात होता, आणि तो कुठे आहे हे मला चौदाचा आकडा आला त्याच मिनिटाला माहीत होतं. यंत्राला तो दिसत नाही, कारण यंत्राला फक्त इंटरनेटवर चढवलेलं दिसतं. पण आमच्या नियमात एक कलम आहे: संपादकाचं नाव आणि अंक क्रमांक असलेलं, या ग्रंथालयात जमा असलेलं छापील नियतकालिक, मापन करणाऱ्याने दाखला दिला तर धरावं. अर्जदारालाही अशी भर सुचवता येते, अर्जात तसा रकाना आहे. लिओकाडियाचा रकाना कोरा होता. मला वाटलं, तिला माहीतच नाही. कसं असणार? मसाका जिल्हा समाजकार्यकर्ता संघाचं पत्रक, अंक अकरावा, सोळा वर्षांपूर्वीचा, दोनशे प्रती, त्यातल्या निम्म्या संघाच्या गळक्या खोलीत भिजल्या. त्यात पान तेवीस ते सत्तावीस माझा लेख आहे. आयुष्यातला एकमेव. आणि त्यात लिओकाडियाच्या नेमक्या त्याच पंधराव्या निबंधाचा संदर्भ आहे.

संदर्भ आहे खरा, पण कौतुकाचा नाही. मी तो लेख तिला खाली ओढायला लिहिला होता. त्या निबंधात तिने म्हटलं होतं की एका घरचं अन्न सरलं की जाजा पोराला पुढच्या चुलीवर पाठवते. मी लिहिलं, चूक. मी जाजा नोएरिनाबद्दल लिहिलं. तिच्या घरी रताळी पोत्यांनी असायची, तरी दर शनिवारी ती नातीला शेजारणीकडे धाडायची आणि शेजारणीला बजावून सांगायची, तिला रागव, भांडी घासायला लाव, चुकली तर हात उगार. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी मेल्यावर ही कुणाच्या तरी दारात उभी राहील. तेव्हा त्या घरचं ओरडणं तिला ओळखीचं असायला हवं." भुकेचा संबंधच नव्हता. हे मी एका बैठकीत लिहिलं, इतकं ते खरं होतं. मग तिथेच थांबायचं की नाही? पण तिसऱ्या पानावर मी घातलं: 'डॉ. किझा यांनी हे खेडं बहुधा गाडीच्या काचेतून पाहिलं असावं.' हे वाक्य मी आठ दिवस घोळवलं होतं. छापून आलं तेव्हा ते आधी वाचलं, जाजा नोएरिना नंतर.

बुधवारी सकाळी टेबलाशी बसून मी दोन्ही बाजूंनी हिशेब मांडून पाहिला. गप्प बसले तर काही खोटं होत नाही. यंत्राने चौदा म्हटलं, मी चौदा लिहिलं. कुणाला कळणार? पण मग मला माझ्याच हाताने ठरवावं लागत होतं की ती पाच पानं मोजण्यालायक नाहीत. तिला पाडायचं तर आधी मला माझ्या एकुलत्या एका लेखाला कचरा म्हणावं लागणार. आणि त्याला लेख म्हटलं की ती चढते. मी जिला टोचायला सुई घेतली, त्याच सुईने तिचं गोमेसी शिवलं जाणार. मोजणाऱ्याला टोमणा आणि स्तुती यांतला फरक कळत नाही, हे मी नव्या पोरींना हसत हसत शिकवते. त्या दिवशी हसू आलं नाही. मी जिना उतरून तळघरात गेले. तिथे जुन्या कागदाचा, ओल्या पोत्यासारखा वास येतो. अंक अकरावा जागेवर होता. मी पहिल्यांदा, सवयीनं, मागची चिठ्ठी पाहिली. कुणी वाचायला नेलं की तिथे तारीख आणि सही होते. सोळा वर्षांत दोनच सह्या. एक, पत्रक छापल्यावर नवव्या दिवसाची. दुसरी गेल्या महिन्यातली. दोन्ही लि. किझा.

मी तिथेच खालच्या फळीवर बसले. नवव्या दिवशी. म्हणजे तिने गाडीची काच वाचली होती, आणि दहाव्या दिवशीही टेकली होती, आणि त्यानंतर सोळा वर्षं, माझ्या बहिणीच्या दफनाला, तिच्या मुलीच्या मागणीला, इथे कपाटांच्या बोळात, दर वेळी. मी मात्र दर वेळी तिच्या टेकलेल्या डोक्याकडे पाहून मनात म्हणायचे, बिचारीला काही माहीत नाही. आणि गेल्या महिन्यात येऊन तिने पान तेवीस उघडून पाहिलं, मोजलं, पंधरा होतात हे तिला कळलं, आणि रकाना कोरा ठेवला. मग रस्सा घेऊन आली, मीठ कमी घालून. मला कुणी इतकं शांतपणे कधी हरवलं नव्हतं. माझ्या हेव्यात आता एक नवीनच कळ आली. तिचे निबंध, तिचे ठिपके, नॉर्वेच्या बायका, हे सगळं मी सोसलं असतं. पण हे गप्प राहणं तिला जमलं, आणि मला दोनशे प्रती छापाव्या लागल्या.

मी दाखला लिहिला. सहा ओळींचा. 'सदर लेखात अर्जदाराच्या निबंधाचा संदर्भ असून तो मोजण्यास पात्र आहे.' पाचही पानांची छायाप्रत जोडली, तिसरंसुद्धा. ते पान काचेवर ठेवताना माझा हात दोनदा मागे आला. खाली छापील प्रश्न असतो, मापन करणाऱ्याचं अर्जदाराशी नातं आहे काय, असल्यास कोणतं. मी लिहिलं: आहे. सेंगा. आणि शेजारी, सदर लेख मीच लिहिला आहे, तरी ग्रंथपालांनी पडताळून सही करावी. ग्रंथपालांनी केली, वर न बघता. मग संदर्भ देणाऱ्यांची यादी नव्याने छापली. नाकातो, टि., पंधरावी. चौदा जणांनी मिळून तिला चौदाच केलं होतं. हे मी यादीकडे बघत मोठ्याने म्हटलं, आणि मला पुन्हा आनंद झाला, पहिल्याहून थोडा कमी वाईट.

गुरुवारी दुपारी मि. ब्यारुहांगांचा फोन. "न्याबो, सदस्य विचारताहेत, हे तुमचं काय समजायचं? या लेखात तर तुम्ही त्यांना खोडून काढलंय."

"काढलंय."

"गाडीची काच वगैरे लिहिलंय."

"वाचता येतं मला, सेबो."

"मग हा संदर्भ त्यांच्या बाजूने कसा धरायचा?"

"तुमच्या नियमात बाजू कुठे आहे? तुम्ही मोजायला सांगितलंत, मी मोजलं. कौतुक मोजायचं असेल तर तसा तक्ता पाठवा, तोही भरून देते."

पलीकडे कुणीतरी हसलं. फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज झाला. मग ते आणखीच हळू म्हणाले, "पंधरा धरले, न्याबो."

ती चार वाजता आली. बोळात झाडणारी बाई होतीच, आता तर दोन विद्यार्थिनीही. लिओकाडिया टेकली, आणि नमस्कार संपला तरी उठेना. माझ्या मनात आलं, आता आभार मानेल, आणि मानलेच तर मी काय करू?

"सेंगा," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "गाडी नव्हती."

"काय?"

"तिसरं पान. त्या खेड्यात आले त्या दिवशी गाडी नव्हती. पुलाच्या अलीकडे चिखलात रुतली. मी सात मैल चालत आले. तुम्हीच पाणी तापवून दिलंत माझ्या पायांना. सोळा वर्षं सांगीन सांगीन म्हणत होते."

मला आठवत होतं. लिहितानाही आठवत होतं. फोड आलेले तिचे पाय, माझं निळं घमेलं, पाण्यात टाकलेली लिंबाची पानं. ते सगळं बाजूला सारून मी काच लिहिली होती, कारण काच वाचायला बरी वाटत होती.

"जाजा नोएरिनाचं मात्र तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "मी भूक बघितली. चूक झाली."

विद्यार्थिनी पुस्तक शोधायचं सोडून ऐकत होत्या. तिच्या केसांत भांगापाशी पांढरं झालेलं मी पहिल्यांदाच वरून पाहिलं.

"मग लिही तसं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच चढा वाटला. "दोन्ही लिही. चूक तुझी आणि गाडी माझी. सगळ्या जगाला वाचू दे. आणि त्यात माझं नाव घाल."

तिने मान वर केली. डोळ्यांत ती मसाकाची परात सरकवणारी पोर होती. "सेंगा आता नवरीच्या शेजारी बसणार?"

"शेजारी नको," मी म्हटलं. "खाली, संदर्भांच्या यादीत घाल. पण मोजता येईल असं घाल."